स्वहस्ते अर्ज

"डॉक्टरांचा दाखला ठीक आहे, पण अर्ज मैत्रिणीच्या अक्षरात चालत नाही. स्वतःच्या हातानं लिहून आण," म्हणत हेडक्लार्कनं खिडकीतून कागद परत सरकवला.

शाल्मलीचा उजवा हात जन्मापासून थरथरायचा. परीक्षेत तीन तासांत चार पानंही भरत नसत, म्हणून तर लेखनिक हवा होता. घरी मनगटाला पट्टा आवळून ती लिहायला बसली. पहिला अर्ज वेडावाकडा उतरला. कॉलेजात हसं होईल म्हणून तिनं तो फाडला. दुसरा फाडला, तिसराही. चौथ्या दिवशी, बोटं सुजल्यावर, आठ ओळींचा एक स्वच्छ कागद हाती आला. "मोत्यासारखं आलंय गं!" आई म्हणाली.

हेडक्लार्कनं अर्ज निरखला, कौतुकानं मान डोलावली आणि प्राचार्यांकडे नेला. शाल्मली सुजलेली बोटं ओढणीत लपवून उभी राहिली.

कागद परत आला तेव्हा कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता: 'अक्षर सुवाच्य आहे. लेखनिकाची गरज नाही.'

"सर, एवढं लिहायला चार दिवस लागले मला," ती म्हणाली.

"मग तसं अर्जात लिहायचंस ना," म्हणत हेडक्लार्कनं खिडकी लावून घेतली.