हसरी हजेरी

चौलच्या आमच्या वाचनालयातली क्रांती पूर्वी पुस्तक हातात देतानाच त्यातला विनोद सांगायची आणि आधी स्वतःच खळखळून हसायची. आता ती दिवसभर मान खाली घालून जुनी पुस्तकं स्कॅन करत असते.

सोमवारी वरून आदेश आला. कर्मचारी आनंद सप्ताह! मोबाईलवर चेहरा दाखवून हजेरी लावताना हसणं सक्तीचं.

"काकू, कसंही करून हसवा हो मला, नाहीतर आजचा खाडा पडेल."

"हसायलाही आता हुकूम लागतो का गं?" असं म्हणत मी तिचाच एक जुना विनोद तिला ऐकवला. क्रांती अगदी पूर्वीसारखी हसली.



मोबाईलवर अक्षरं उमटली, "चेहरा जुळत नाही. ही व्यक्ती इथली कर्मचारी नाही."