कॅप्टन जगावा की मरावा

चंद्रव्वानं चष्मा पुसला, चिठ्ठी उलटी धरली आणि विचारलं, “मेलास तर परत येणार न्हाईस न्हवं?”

“मालिकेत मरणार, आज्जी. मी हाय की हितंच,” शिवकुमार म्हणाला.

“मग ठीक.”

‘यान तेरा’ ही वेबमालिका इंद्रजीतनं स्वतःच्या घराच्या हॉलमध्ये काढली होती. हॉलच यान होता. पहिलं पर्व संपताना कॅप्टन गुरूच्या चंद्रावर बेशुद्ध पडला होता आणि तो जगणार की मरणार हे प्रेक्षक ठरवणार होते. इंटरनेटवर सगळ्या मिळून अकरा प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या सात इंद्रजीतच्या आईच्या. बाकीचे प्रेक्षक आजूबाजूच्या तीन गल्ल्यांत राहत होते. म्हणून शिवकुमार बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन दारोदार फिरत होता. कॅप्टन तोच होता.

“लोकांनी तुला बघितलं की मत द्यायला हुरूप येईल,” इंद्रजीतनं सांगितलं होतं.

चिठ्ठीवर नाव घालायचं नव्हतं. जगावा किंवा मरावा, आणि वाटलं तर कारण. बस्स.

“एक विचारू?” चंद्रव्वा म्हणाली. “इमानात तू सारखा घाम का पुसतोस? वर तर गार आसतंय म्हणत्यात.”

अंतराळवीराचा पोशाख दोन चादरी एकावर एक शिवून, त्यावर चंदेरी कागद चिकटवून केला होता. शूटिंग एप्रिलमध्ये झालं होतं. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता.

“कॅप्टनला टेन्शन असतं, आज्जी.”

“बघवत न्हाई बग आमाला.”

“मग तसं लिहा. माझ्या तोंडाकडं बघून लिहू नका,” शिवकुमार म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

पुढच्या गल्लीत सुंदरम्मा मागावर टॉवेल विणत होती. तिनं माग बंद केला नाही, ओरडूनच मत दिलं. “यान उडताना आमच्याच मागाचा आवाज येतोय त्यात! आणि तू मेल्यासारखं पडलास ना, तवा डोळा उघडून बघितलास. माझ्या नातीनं पकडलं!”

“बरोबर हाय मावशी. लिहा तसं.”

“त्यातला राक्षस बरा वाटतो तुझ्यापरीस.”

“तेही लिहा.”

ती लिहीत असताना तो मागाकडं बघत राहिला. सूत घेऊन धोटा इकडून तिकडं पळत होता.

लाँड्रीवाल्या आण्णानं तर इस्त्री बाजूला ठेवली आणि बोटं मोजत सुरू केलं. कॅप्टन लई आखडून बोलतो. कॅप्टनला चालता येत नाही. यानाच्या खिडकीतून एकदा गॅसची टाकी दिसली.

“माणूस एवढं वाईट काम ठरवून तरी कसं करंल, मी म्हणतो?”

“खरं हाय तुमचं,” शिवकुमार म्हणाला. “मनात काय ठेवू नका, आण्णा. अगदी मोकळेपणानं.”

“तू लई मोठ्या मनाचा हायस, गड्या,” आण्णा म्हणाला आणि चिठ्ठी चार घड्या घालून डब्यात टाकली.

दुपारी तो घरी आला तेव्हा त्याच्या बायकोनं, रेश्मानं, ताट वाढलं आणि डब्याकडं न बघता म्हणाली, “पुण्याच्या कंपनीचा परत फोन आला होता. सोमवारी हजर होणार का विचारत होते.”

“आज संध्याकाळी कळेल.”

“नोकरीचं त्या डब्यावर ठरवणार तुम्ही?”

“दुसरं काय करू?”

“इंद्रजीतभावजींशी सरळ बोलून टाका की.”

“काय बोलू? या यानापायी त्याची आई आठ महिने गॅलरीत स्वयंपाक करतीय. आमची ओळख बालवाडीपासूनची.” त्यानं भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. “लोकं काय म्हणतात बघू. सगळ्यांनी नावंच ठेवली.”

“मग?”

“मग काय, बघू,” तो म्हणाला, आणि डबा हलवून बघितला.

पाच वाजता यानात माणसं मावेनात. चंद्रव्वाला कॅप्टनची खुर्ची दिली. आण्णा चिकटवलेल्या बटणांना टेकून उभा होता. इंद्रजीतनं झाकण काढलं आणि एकेक चिठ्ठी वाचायला लागला.

“जगावा. जगावा. जगावा, पोराला जरा जेवायला घाला. जगावा. जगावा, पण डोळा मिटून पडावा. जगावा.”

शिवकुमार भिंतीला टेकला.

“जगावा. काम सुधारेल. जगावा. आपला माणूस हाय.”

चौसष्टपैकी त्रेसष्ट चिठ्ठ्या वाचून झाल्या आणि त्या सगळ्यांत कॅप्टन जगला. शिट्ट्या वाजल्या. इंद्रजीतच्या आईनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. इंद्रजीतनं मित्राला गच्च मिठी मारली आणि तिथंच जाहीर केलं: दुसरं पर्व वीस भागांचं, प्रत्येक भागात कॅप्टन, शूटिंग उद्यापासून.

शिवकुमारचे डोळे भरून आले. ते बघून आणखी चार जणांचे भरले.

“चौसष्टावी राहिली की,” सुंदरम्मा म्हणाली.

इंद्रजीतनं ती उघडली आणि त्याचा चेहरा पडला. “मरावा. पहिल्याच भागात मरावा. भाषण नको. फोटोला हार घातलेला दाखवला तरी चालेल.”

सगळे आण्णाकडं बघायला लागले.

“आईशप्पथ मी न्हाई!” आण्णा म्हणाला. “मी तोंडानं बोलतो, हातानं कुणाचं वाईट करत न्हाई!”

“मग कोण? आपल्यातलाच कुणीतरी असणार की!”

“जाऊ द्या हो,” शिवकुमार म्हणाला. “एखाद्याचं असतं मत.”

“असलं कसलं मत!” चंद्रव्वा कॅप्टनच्या खुर्चीतून उठली. “ज्यानं लिवलं त्याचा हात झडू दे!”

शिवकुमारनं उजवा हात हळूच खिशात घातला.