सोमवारची चार्जिंग

सुकेशनीनं मीटरच्या दोन्ही वायरी बॅटरीला लावल्या आणि स्कूटर रेस केली. आकडा बारावरच बसून राहिला. चौदाच्या वर जायला हवा होता.

"चार्जिंगच नाही होऊन राह्यली, काका," ती म्हणाली. "मागच्या सोमवारी तं ठीक करून देली होती मी."

"मंग आता तूच सांग, काहून होते असं?" जानराव कपाळ पुसत म्हणाले. "बटन दाबलं की नुसती कुरकुर. आज आसेगावात किका मारू मारू पाय भरून आला माहा."

हा सलग तिसरा सोमवार होता. मंगरूळपीरच्या बसस्टँडमागं सुकेशनीचं गॅरेज. वडील गेल्यावर तिनंच ते चालवलं होतं, आणि तिच्या हातून दुरुस्त झालेली गाडी सहसा परत येत नसे. ही येत होती.

"पाहून ठेव. मी बाजार समितीतून येतो, तीन घंटे तं लागतीनच," जानराव म्हणाले. बायकोकडं वळून त्यांनी विचारलं, "तू बसतं ना इथंच?"

"बसते," तुळसाबाई म्हणाल्या आणि स्टुलावर टेकल्या. ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्या अगदी शांत बसल्या होत्या. वळल्याबरोबर उठल्या आणि पदर खोचला.

"झाली का व दुरुस्त?"

"पाहू तं द्या, काकू!" सुकेशनी हसली.

पहिल्या सोमवारी तिनं वीज तयार करणारी कॉइल तपासली होती, ती चांगली निघाली. दुसऱ्या सोमवारी रेग्युलेटरच नवा बसवला. दोन्ही वेळा सगळे जोड उघडून, पुसून, परत लावले की आकडा चौदावर जायचा. गाडी सुधारायची, पण बिघाड कुठं होता ते कळायचं नाही. ही गोष्ट तिला जेवतानासुद्धा टोचायची.

आणि उतरलेली बॅटरी भरायची तर गाडी दहा-बारा किलोमीटर पळवावी लागे. दुकान सोडून तिला जाता येईना. म्हणून पहिल्या सोमवारी तिनं सहज विचारलं होतं, "काकू, तुमाले येते का चालवता?"

तुळसाबाईंनी हातच जोडले होते. "एक डाव यायनं शिकवलं होतं. मी तुरीच्या वावरात पडली. हे धावत आले, अन् आधी स्कूटर उचलली! मंग मले. तवाच सांगून देलं, तुमच्या हातून तं जलमात शिकत नाही. दोन वर्सं झाले, हात नाही लावला मी तिले."

मग थोड्या हळू आवाजात त्यांनी आईचं सांगितलं. आई पोहरादेवीच्या अलीकडच्या एका खेड्यात, भावाजवळ. उठवत नाही तिला. जायचं तर दोन गाड्या बदला, वर तीन किलोमीटर पायी चला. घटकाभर तिच्याजवळ बसलं की परतीच्या गाडीची वेळ. "मले चालवता आली असती तं मन झालं की गेली असती."

"मंग शिका ना. मी शिकवते," सुकेशनी म्हणाली होती.

गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात पहिल्या सोमवारी ती मागं धरून पळाली. दुसऱ्या सोमवारी तुळसाबाई एकट्या गोल फिरल्या, ब्रेकच्या जागी दोनदा हॉर्न दाबला, पण पडल्या नाहीत. "यायले मात्र सांगू नको व," त्यांनी बजावलं होतं. "शिकवाले गेले तवा माह्यावर वरडले होते. आता गावभर हसत फिरतीन."

आज सुकेशनीनं ठरवलं, काही उघडायचंच नाही, आधी नुसतं बघायचं. तिनं बाजूचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. कॉइलकडून रेग्युलेटरकडं जाणारा प्लग जागेवर होता. तिनं बोट लावलं, तर तो हलला. त्याचं लॉक वर उचललेलं होतं आणि प्लग अर्धा मागं ओढलेला. बाहेरून जोडलेला दिसावा आणि आत टेकू नये, नेमका तेवढाच.

रस्ता कितीही खराब असो, लॉक काही आपोआप उचललं जात नाही. त्याला नख लावावं लागतं.

सुकेशनीनं मान वर केली. तुळसाबाई समोर चपला घट्ट करून तयार उभ्या होत्या, शाळेची सहल निघावी तशा. सुकेशनीच्या ओठांवर हसू आलं. तिनं प्लग दाबला. टक्क. गाडी चालू करून रेस केली, तर आकडा चौदाच्या वर गेला.

"काकू, तुमी लय हुशार आहा."

तुळसाबाई लाजल्या. "तूनं शिकवलं म्हणून."

सुकेशनीनं मीटरच्या वायरी काढल्या. आईला भेटायला बाईनं एवढी युक्ती केली असेल, तर ती उघडी कशाला पाडायची? तिनं किल्ली पुढं केली.

"आज मैदान नाही. सडकेनं जा, एकट्या. फाट्यापासून वळून या."

तुळसाबाईंनी देवाचं नाव घेतलं, किक मारली आणि निघाल्या. वळणावर डावा हात दाखवायलासुद्धा विसरल्या नाहीत.

अर्धा तास झाला असेल, तोच जानराव दारात उभे. तीन घंटे म्हणून गेलेला माणूस तासाभरात परत.

"काकू चहा प्याले गेल्या," सुकेशनी घाईनं म्हणाली.

"अन् स्कूटर?"

"ते... टेस्टिंगले गेली."

"कोण घेऊन गेलं?"

सुकेशनी स्वच्छ पाना परत पुसू लागली. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला ओळखीचा आवाज आला. निळी स्कूटर येत होती, ताठ, सरळ रेषेत. वर तुळसाबाई, पदर वाऱ्यावर.

जानरावांनी तिकडं पाहिलं. मग लगबगीनं स्टूल उचललं, टायरांच्या ढिगामागं नेलं आणि अंग चोरून बसले.

"मी आलो म्हणून सांगू नको तिले," ते कुजबुजले. "पहिल्याच सोमवारी मैदानात शिकताना पाह्यली मी तिले. मी दिसलो तं परत हात नाही लावणार. फक्त एवढं सांग पोरी, येत्या सोमवारी अजून एक डाव प्लग ढिला करून आणा लागते का, का लायसन काढाले जमते आता तिले?"