घरातली गोष्ट घरात

सौंदर्याच्या लग्नासाठी आलेली दोन स्थळं गल्लीतल्या तोंडांनी मोडली होती. म्हणून तिसऱ्या स्थळाचा बायोडाटा नेटकॅफेत छापायला न्यायचा नाही, असं तिच्या वडिलांनी, बाळाप्पांनी, ठरवून टाकलं. राजारामपुरीतल्या त्यांच्या घरातच दोन कंप्युटर होते. बायोडाटा खालच्या कंप्युटरवर आला होता आणि प्रिंटर वरच्या खोलीतल्या कंप्युटरला होता. त्यांच्या मुलानं, सोमेशनं, दोन्हींमध्ये केबल टाकली, फोल्डर शेअर केला, वर त्याला पासवर्डही घातला. मग तो खालच्या कंप्युटरवर उघड्या खिडकीशी बसला आणि बाळाप्पा वरच्या कंप्युटरवर, गॅलरीचं दार उघडं टाकून.

"अप्पा, 'हातकणंगलेचं स्थळ' दिसतंय काय?"

"दिसतंय, पण उघडत न्हाय. पासवर्ड मागतंय."

"मुलाचं नाव टाका की. संगमेश. पुढं जन्मसाल, एकोणऐंशी."

"टाकलं. आत दोन फायली हायत, कुठली?"

"फोटोची नको. 'कारखान्यात केमिस्ट' लिहिलंय ती."

"ती उघडतच न्हाय रे."

तासभर वर-खाली हीच हाकाहाक चालली. शेवटी बाळाप्पा घाम पुसत गॅलरीत येऊन उभे राहिले. फाईल आली नाही ती नाहीच, पण गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली नाही, एवढं तरी समाधान त्यांना होतं.

तेवढ्यात समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालता घालता आक्काताई म्हणाल्या,

"अप्पा, त्या संगमेशचं तुमच्याकडं अजून आलं न्हाय व्हय? आमच्याकडं कवाच आलं की."