जुळलेलं यकृत

"शालनताई, ऑपरेशन करता येणार नाही," निवृत्तीच्या हृदयाची सोनोग्राफी आटोपून बाहेर आलेले डॉक्टर म्हणाले. "लिव्हरच्या आजारानं त्यांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळल्यात. दाब फार वाढलाय. टेबलावरच जीव जाईल."

नवऱ्याला आपल्या यकृताचा तुकडा देता यावा म्हणून शालननं कित्येक महिने अर्धपोटी राहून चरबी उतरवली होती. तिचं यकृत चालेल, असं कालच ठरलं होतं.

"औषधं?"

"देऊ. पण फार आशा ठेवू नका."

ती आत गेली. निवृत्ती छातीवरची जेली पुसत होता.

"माझ्यापायी तुझं पोट फाडणार, त्याचाच घोर लागलाय गं," तो म्हणाला.

"नाही फाडणार," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली.