पिवळी गोळी

लेक माहेरी येऊन टेकते न टेकते, तोच आईने तिला हाताला धरून खोलीत नेलं आणि औषधांची डबी तिच्यापुढे उघडली.

"बरं झालं आलीस, बयो. यातली माझी पिवळी गोळी कुठे गेली? आधी अख्खी होती, मग अर्धी झाली, आता तीही नाही. तुझी वहिनीच काढते. डोळे मिटून पडले होते, तरी बघत होते मी!"

लेकीच्या मनात पाल चुकचुकली. ती तडक स्वयंपाकघरात गेली.

"वहिनी, आईची औषधं कोण काढून घेतं?"

"मीच," वहिनी भांडी विसळत म्हणाली. "झोपेची गोळी होती ती. डॉक्टरांनी आईंना नीट तपासलं, तिच्याच गुंगीने त्यांना काही सुधरत नाही म्हणाले आणि हळूहळू कमी करत बंद करायला सांगितली."

"डॉक्टरांवर ढकलू नकोस! आईने स्वतः पकडलंय तुला. गोळीचा रंगसुद्धा सांगितला तिने!"

वहिनीने हात पुसले, मग डोळे.

 

"वन्सं, मागच्या खेपेला तुम्ही आलात, तेव्हा आईंनी तुम्हाला 'आपण कोण?' असं विचारलं होतं."