गाण्यातली नर्मदा

नर्मदा आंतोन मास्तरांच्या पडवीत उभीच राहिली. बसायला सवड कुणाला होती? गौरीच्या दिवशी विजयदुर्गची माणसं तिला पाहायला येणार, आणि त्याच दिवशी वाडीतल्या बायका फुगडी घालताना तिच्या नावाचं गाणं म्हणणार. दर चतुर्थीला म्हणत. नर्मदेपायी दोन वाड्या भांडल्या, नर्मदेपायी काशीबाईचा मुलगा परशुराम मेला. आजवर आलेली स्थळं या गाण्यानेच परत पाठवली होती.

खरं भांडण झालं होतं रापणीवरून, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरून. किनाऱ्याला बांगडा लागला. जाळं आधी कुणी ओढायचं यावरून डोकी फिरली आणि वल्ह्यांनी मारामारी झाली, त्यात परशुराम गेला. नर्मदा तेव्हा घरात तापाने फणफणली होती. पण गाणं एकदा तोंडात बसलं की माणसाचं कोण ऐकतो?

"बाये, ग्रीक लोकांचा पण असाच आसा," मास्तर म्हणाले. ते हायस्कुलात इतिहास शिकवत, आणि जरा कुणी सापडला की त्याला ट्रॉय ऐकवत. "एका राणीपायी धा वर्सां लढाई झाली, असा त्येंच्या काव्यात आसा. मगे ती जागा खणल्यानी. जळलेला शहर गावला. राणीचो पत्तो नाय. काय विद्वान म्हणतत, भांडाण जहाजांच्या वाटेवरसून झाला आसतला. राणी मागसून गाण्यात घातल्यानी."

नर्मदेला रडू आणि हसू एकदमच आलं. एवढी मोठी राणी, तीही अशीच अडकलेली.

"मगे तिचा नाव गाण्यातसून काढल्यानी?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "नाय. तू काशीबाईक जाऊन सांग," ते म्हणाले.

गाणं काशीबाईच सुरू करायची. ती गप्प बसली तर बाकीच्याही बसतील. नर्मदा तिच्याकडे गेली तेव्हा म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. नर्मदेने एका दमात सगळं सांगितलं. ताप, बांगडा, ती राणी. काशीबाई तांदूळ निवडतच ऐकत होती. सुटले बाई एकदाची, असं नर्मदेला वाटलं.

"माका सगळा म्हायत आसा गो," काशीबाई शेवटी म्हणाली. "ता गाणा मीच बांधलंय."

"कित्याक?" नर्मदेने विचारलं.

म्हातारीने सूप खाली ठेवलं.

"माझो झील टोपलीभर बांगड्यांपायी मेलो, असा मी कोणाक सांगू?"